चारचौघांतला हात

श्रोतेहो, प्लँचेटच्या बैठकीची हकीकत आपल्यापैकीं पुष्कळांनीं वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली असेल. चौघेजण बोटें टेकून बसतात, थोड्या वेळानें पाट सरकूं लागतो, आणि प्रत्येकजण शपथेवर सांगतो कीं, 'मीं ढकलला नाहीं!' अशा मंडळींना लबाड ठरविणें सोपें आहे; पण तें न्यायाचें होईल काय? याचें उत्तर १८५३ सालच्या लंडनांत मिळतें.

त्या वर्षीं तेथें टेबल फिरविण्याच्या बैठकींना ऊत आला होता. मंडळी टेबलावर हात ठेवून बसत, आणि कांहीं वेळानें टेबल फिरूं लागे. कोणी म्हणे ही वीज, कोणी म्हणे पिशाच. थोर शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनीं बसणारांच्या प्रामाणिकपणाविषयीं शंका न घेतां एक साधी युक्ति योजिली. पुठ्ठ्याचे तुकडे मऊ गोळ्यांनीं एकावर एक चिकटवून त्यांनीं ते टेबल व हात यांच्यामध्यें ठेवले. टेबल आपण होऊन फिरत असेल, तर खालचे पुठ्ठे आधीं सरकावयास हवेत. सरकले ते वरचे! म्हणजे हातच टेबलाला नेत होते, आणि हाताच्या धन्याला त्याची वार्ताही नव्हती. पुढें फॅरडे यांनीं हाताची सूक्ष्म हालचाल दाखविणारा एक कांटा जोडला. बसणारांना तो कांटा दिसूं लागतांच टेबलाचें फिरणें थांबलें.

आदल्याच वर्षीं, १८५२ मध्यें, विल्यम कार्पेंटर यांनीं असें प्रतिपादिलें होतें कीं, मनांतील नुसती अपेक्षाही इच्छेवांचून स्नायूंना हालवूं शकते. बैठकींत ती अपेक्षा एकाची नसते, सर्वांची असते.

संगतीचा हा प्रभाव उघड कामांतही दिसतो. १८९८ सालीं अमेरिकेंतील नॉर्मन ट्रिप्लेट यांनीं ४० मुलांना मासे धरण्याच्या गळाची दोरी गुंडाळण्याचें चक्र फिरवावयास दिलें. कधीं एकट्यानें, कधीं जोडीदाराच्या चुरशीनें. चुरशीनें २० मुलांचा वेग वाढला, १० मुलांत फारसा फरक पडला नाहीं, आणि उरलेल्या १० मुलांचे हात उलट मंदावले. जिंकण्याच्या अतिउत्साहानें त्यांचे बाहु ताठले व हालचालींवरील ताबा सुटला.

आणखी एक नाजूक गोष्ट २००८ सालीं इटलींतील संशोधकांनीं मोजून दाखविली. एखादी वस्तु उचलून नुसती जागेवर ठेवावयाची असो, कीं दुसऱ्याच्या हातीं द्यावयाची असो, ती उचलण्यासाठीं निघालेल्या हाताची चाल प्रथमपासूनच निराळी असते. घेणाराचा विचार देणाराच्या हातांत आधींच उतरलेला असतो.

तेव्हां, श्रोतेहो, आपला हात सर्वस्वीं आपल्याच हुकमांत असतो, हा समज आपण थोडा सैल करावयास हवा. मुलगा पाटीवर अक्षरें गिरवीत असतां आपण सहज म्हणतों, 'शेजारचा बघ, कसें झरझर लिहितो!' या एका वाक्यानें एखाद्याचा हात वेग घेईल, तर दुसऱ्याचा तेथेंच आखडेल. आपलें मूल त्या वीसांतलें कीं दहांतलें, हें त्याच्या बोटांकडे क्षणभर पाहून मगच बोलावें, हें बरें.