खडकांची ओळख आणि किनवटचे पाणी

नांदेड जिल्ह्याच्या ईशान्येकडील किनवट तालुका सागाच्या जंगलासाठी आणि उनकेश्वरच्या गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. भूशास्त्राच्या दृष्टीने त्याचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून तयार झालेले आणि महाराष्ट्राचा बहुतांश भाग व्यापणारे बेसॉल्टचे थर या परिसरात संपू लागतात. त्यांच्याखालचे कितीतरी जुने चुनखडक आणि ग्रॅनाइट येथे उघडे पडलेले दिसतात. त्यामुळे थोड्या अंतरात तीन भिन्न खडक आढळतात.

हातात आलेला दगड यांपैकी कोणता, हे ठरविण्यासाठी त्याच्या भौतिक गुणधर्मांचा आधार घेतला जातो. पदार्थाचे मूळ स्वरूप न बदलता जे पाहता किंवा मोजता येतात, ते भौतिक गुणधर्म होत. रंग, चमक, काठिण्य, घनता, द्रवणांक, विद्राव्यता यांचा त्यांत समावेश होतो. वजन आणि आकारमान नमुन्याच्या आकाराप्रमाणे बदलतात. घनता मात्र लहान तुकड्यात आणि मोठ्या शिळेत सारखीच राहते. ओळख पटविण्यासाठी असेच गुणधर्म उपयोगी पडतात.

रंग हा त्यांतील सर्वांत फसवा गुणधर्म आहे. शेतात सापडणारा पांढरा खडा गारगोटीचा म्हणजे क्वार्ट्झचा असू शकतो, तसाच तो कॅल्साइटचा किंवा फेल्स्पारचाही असू शकतो. येथे काठिण्याची कसोटी कामी येते. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीड्रिख मोस यांनी १८१२ मध्ये १ ते १० अशी काठिण्यश्रेणी मांडली. तिच्यात शंखजिरे सर्वांत मृदू आणि हिरा सर्वांत कठीण आहे. नखाचे काठिण्य सुमारे २.५ आणि पोलादी चाकूचे सुमारे ५.५ असते. कॅल्साइटचे काठिण्य ३ असल्याने त्यावर चाकूचा ओरखडा उठतो. फेल्स्पार (६) आणि क्वार्ट्झ (७) चाकूला दाद देत नाहीत. या दोघांत फरक करायचा तर खडा फोडून पाहावा लागतो. फेल्स्पार ठरावीक दिशांनी सपाट पृष्ठे देत फुटतो, तर क्वार्ट्झ काचेसारखा वाकडातिकडा फुटतो.

घनता मोजण्यासाठी खड्याचे वजन आधी हवेत आणि मग पाण्यात बुडवून करतात. हवेत २६५ ग्रॅम भरणारा खडा पाण्यात १६५ ग्रॅम भरला, तर २६५ ला १०० ने भागून विशिष्ट गुरुत्व २.६५ येते. हे क्वार्ट्झचे मूल्य आहे. परंतु कॅल्साइटचे मूल्य २.७१, म्हणजे अगदी जवळचे आहे. म्हणून एकाच गुणधर्मावर निर्णय न देता अनेक कसोट्यांनी शक्यता कमी करीत जाणे, हीच खरी रीत होय. चुनखडकावर आम्लाचा थेंब टाकताच तो फसफसतो. त्यातून नवा पदार्थ तयार होत असल्याने ही कसोटी मात्र रासायनिक ठरते.

खडकाच्या या ओळखीचा संबंध पिण्याच्या पाण्याशीही येतो. ग्रॅनाइटमधील काही खनिजांत फ्लोराइड असते आणि ते हळूहळू भूजलात विरघळते. किनवट परिसरातील काही ठिकाणच्या भूजलात त्याचे प्रमाण मर्यादेपेक्षा अधिक आढळले आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे; दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. त्याहून अधिक फ्लोराइडचे पाणी दीर्घकाळ पिण्यात आल्यास मुलांच्या दातांवर डाग पडतात, पुढे हाडेही जखडतात.

येथे भौतिक गुणधर्मांची मर्यादा स्पष्ट होते. असे पाणी स्वच्छ दिसते. त्याला वेगळा रंग, वास वा चव नसते. विद्युतवाहकता मोजल्यास पाण्यात एकूण क्षार किती, याचा अंदाज येतो; पण क्षार कोणता, हे कळत नाही. पाणी उकळूनही फ्लोराइड जात नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच तपासावा लागतो, आणि भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत अशी तपासणी होते. विंधन विहिरीतून वर येणारा चुरा ग्रॅनाइटचा आहे, हे ओळखता आले तर तेथील पाणी पिण्यापूर्वी तपासून घेतले पाहिजे, एवढा इशारा तो नक्की देतो.