वाघ्या, खंड्या आणि टिपू

गेल्या पावसाळ्यांत बुलढाण्यास आमच्या घरीं कुत्र्याचें एक पिलूं आलें, आणि त्याचें नांव काय ठेवावें ह्या प्रश्नावर घरांत तीन पक्ष पडले. थोरल्या नातवास ‘वाघ्या’ हवें होतें, धाकट्या नातीस ‘मोती’. आणि त्याच दिवशीं आलेल्या एका आप्तांनीं मोठ्या उत्साहानें ‘टिपू’ हें नांव सुचविलें. इतिहास शिकविण्यांत आमचीं तीस वर्षें गेलीं, म्हणून निवाडा आमच्याकडे सोंपविण्यांत आला. मुलाच्या बारशास पंचांग पुरतें. येथें आम्हांस कपाटांतले जुने ग्रंथ खालीं काढावे लागले.

चाल फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत पणींशीं संवाद करणारी सरमा हिला परंपरेनें इंद्राची शुनी मानिलें आहे. यमाच्या दोन कुत्र्यांस पुढें श्याम व शबल हीं नांवें मिळालीं; म्हणजे एक काळा, दुसरा ठिपक्यांचा. आमच्या वऱ्हाडांतल्या काळ्या-कबऱ्यांहून हे कांहीं निराळे नव्हत! उलट महाप्रस्थानांत धर्मराजाच्या मागें शेवटपर्यंत चालत गेलेल्या कुत्र्यास महाभारतकारांनीं नांवच दिलें नाहीं. ग्रीक ग्रंथकार झेनोफन ह्यानें मात्र शिकारीच्या कुत्र्यांसाठीं 47 नांवांची यादी देऊन ठेविली आहे. नांव तोकडें असावें, म्हणजे हांक सहज मारतां येते, असें त्याचें म्हणणें. वाघ्या, खंड्या, मोती, टिपू हीं चारही नांवें ह्या कसोटीस उतरतात. तेव्हां निवाडा कानांनीं होण्यासारखा नव्हता.

वाघ्या आणि खंड्या ह्या दोन्ही नांवांस भंडाऱ्याचा वास आहे. खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा असतो, आणि खंडोबास वाहिलेल्या भक्तास वाघ्याच म्हणतात. पण आमच्या नातवाच्या मनांत जेजुरी नव्हती, रायगड होता. जिजाबाईंचें माहेर सिंदखेड राजा आमच्याच जिल्ह्यांतलें; त्यामुळें रायगडच्या गोष्टी येथील मुलांस आजोळच्या वाटतात. 1680 सालीं महाराजांच्या चितेंत वाघ्यानें उडी घेतली, ही कथा त्यानें कोठेंतरी ऐकली होती. समाधीसमोरील चौथऱ्यावर वाघ्याचा पुतळा आहे, हेंही त्यास ठाऊक होतें.

येथें आमची पंचाईत झाली. तो पुतळा 1936 सालचा असून त्यास इंदूरच्या तुकोजीराव होळकरांचें द्रव्यसाहाय्य होतें; कथेस प्रसिद्धी देण्यांत राम गणेश गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’ ह्या अपूर्ण नाटकाचाही हात आहे. महाराजांच्या काळच्या कागदांत वाघ्याचा पुरावा आढळत नाहीं. 2011 सालीं ह्याच वादांतून पुतळा उखडला गेला व पुन्हां बसविला गेला. 2025 सालीं तो वाद पुन्हां उठला. दहा वर्षांच्या मुलास हें सांगावें कीं न सांगावें? आम्हीं सांगितलें. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “आजोबा, म्हणजे तो कुत्रा नव्हताच का?” पुरावा नाहीं एवढेंच आम्ही म्हणतों, नव्हता असें म्हणत नाहीं, हा भेद त्यास समजावितांना आम्हांस वर्गांत कधीं पडले नव्हते इतके कष्ट पडले, आणि तो त्यास पटला, असें छातीवर हात ठेवून सांगवत नाहीं.

तेव्हां आम्हीं त्यास साताऱ्याकडे नेलें. छत्रपती शाहू महाराजांचा एक लाडका कुत्रा होता. शिकारींत वाघापासून त्यानें महाराजांचा जीव वांचविला. म्हणून महाराजांनीं त्यास जहागिरीची सनद दिली आणि पालखीचा सरंजाम मिळाला, असें ग्रँट डफ 1826 च्या आपल्या इतिहासांत लिहितो. एकदां भर दरबारांत त्या कुत्र्यास जरीचा पोषाख व जवाहीर चढवून महाराजांनीं स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेविली, असेंही तो सांगतो. डफसाहेबास ह्यांत विक्षिप्तपणा दिसला; आम्हांस कृतज्ञता दिसते. संगम माहुलीस ह्या कुत्र्याची समाधि आहे, आणि लोक त्याचें नांव खंड्या सांगतात. पालखीचें नांव काढतांच नातवाचे डोळे चमकले.

राहिला टिपू. शत्रूचें नांव कुत्र्यास देऊन सूड घेतल्याचें समाधान आमच्या आप्तांस हवें होतें. टिपू सुलतान 4 मे 1799 रोजीं श्रीरंगपट्टणास लढतां लढतां पडला. त्याच्या जुलमांच्या कथा आम्ही झांकीत नाहीं. पण 1791 सालीं परशुरामभाऊंच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनीं शृंगेरीचा मठ लुटला, तेव्हां मूर्तीच्या पुनःस्थापनेस द्रव्य पाठविणारा हाच टिपू, हेंही कागदोपत्रीं आहे. ज्या नांवानें हांक मारतांना मनांत तुच्छता ठेवावी लागते, तें नांव घरांतल्या इमानी जनावरास कशाला? आप्त रागावले व चहा न घेतां गेले.

पिलाचें नांव खंड्या ठरलें. नात अजून मोती म्हणून हांक मारते, आणि तो त्या हांकेसही धांवत जातो.