गावाची खोली आणि मुंबईचं गाणं

मुंबईनं आपल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना काय दिलं, असं कुणी विचारलं तर मी थिएटरांच्या आधी गावाच्या खोलीचं नाव घेतो. लालबागच्या चाळीत आमच्या कोकणातल्या गावाची अशी एक खोली होती. वडील गिरणीत साचेवाले आणि भजनात पखवाजी. खोलीत वीस-पंचवीस गडी राहायचे. पाळ्या वेगवेगळ्या, म्हणून एक कामावर गेला की दुसरा त्याच जागी आडवा व्हायचा. भिंतीशी ट्रंका, फळीवर पखवाज. जेवण खाणावळवाल्या मावशीकडे, हिशेब पगाराला. गावाहून आलेल्या पोराचा गळा चांगला असला तर भजनी मंडळाचे बुवा गिरणीत माणसं लावणाऱ्या जॉबरकडे शब्द टाकायचे. पोरगा बदली कामगार म्हणून चिकटायचा, मंडळाला आवाज मिळायचा. रात्रभर चाललेली दोन बुवांची डबलबारी ऐकून माणसं तशीच सकाळच्या पाळीला जायची.

या खोल्यांनीच गिरणगावातली थिएटरं भरली. परळचं दामोदर नाट्यगृह 1922चं. तिथं शक्ती-तुऱ्याच्या गाण्यांचे सामने लागले की तिकिटं खोल्याखोल्यांतून खपायची आणि उरलेला पैसा गावच्या देवळाला, शाळेला जायचा. 1944मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लालबावटा कलापथक उभं केलं. अण्णाभाऊ स्वतः गिरणीत राबलेले. चाळीच्या पटांगणात हा शाहीर उभा राहिला की समोरच्या कामगाराला तो आपल्यातलाच वाटे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या शाहिरांमागे हेच श्रोते उभे राहिले.

धोबीतलावला गोवेकरांचे कूड होते. व्यवस्था अगदी आमच्यासारखीच: गावाच्या नावाची खोली, नाममात्र भाडं, भिंतीशी ट्रंक, फक्त पखवाजाच्या जागी व्हायोलिन किंवा ट्रम्पेट. बोटीवर काम मिळेपर्यंत खलाशी तिथं थांबे, तसा बँडमध्ये किंवा स्टुडिओत काम मिळेपर्यंत वादकही. तियात्र या कोकणी नाट्यप्रकाराचा पहिला प्रयोग 17 एप्रिल 1892 रोजी झाला, तो गोव्यात नव्हे, मुंबईत. पुढं हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांचा कणा गोव्याचे वादक झाले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे तर लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतले प्यारेलाल व्हायोलिन शिकले.

कोकण्याची भजनं, घाटावरच्याचा तमाशा, मदनपुऱ्यातली कव्वाली, गोवेकराचं ट्रम्पेट: कुणीही दुसऱ्याची कला पुसून मोठा झाला नाही, कारण प्रत्येकाला आपली माणसं आणि परवडणारा निवारा होता.

18 जानेवारी 1982ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि अनेकांना परत आत जाता आलं नाही. पगार थांबला तशी खाणावळ मोडली, खोल्या विकल्या गेल्या, मंडळं विरार-बदलापूरकडे पांगली. 2023मध्ये दामोदरही पुनर्बांधणीसाठी बंद झालं. टॉवरमध्ये गेलेल्या आमच्या मंडळाला आज तालमीसाठी जागा मागत फिरावं लागतं. रात्री आठनंतर पखवाज वाजला की तक्रार होते.

म्हणून पुनर्विकासाच्या करारावर सही करणाऱ्या प्रत्येक रहिवाशाला माझी विनंती आहे: पार्किंग आणि जिमबरोबर तळमजल्यावर तालमीची एक खोली मागा, आवाज बाहेर जाणार नाही अशी, आणि ती करारात लिहून घ्या. भजनी मंडळ तिथं बसेल, शेजारची रॅप करणारी पोरंही बसतील. कलाकाराचा सत्कार नंतर करता येईल. आधी त्याला जागा द्या.