भूमिगत द्रव्य

आंबेगांव तालुक्यांतील अवसरी बुद्रुकसारख्या गांवीं नांगराच्या फाळास खापर लागलें, तर शेतकरी तें बांधावर टाकून पुढें जातो. पण वर आली ती नाण्यांची घागर असली, तर तो आधीं चोहोंकडे पाहतो. या पाहण्यास लोभ म्हणण्याची सुशिक्षितांस संवय आहे. आम्हांस त्यांत भीतीच अधिक दिसते. सरकार सर्व घेऊन जाईल आणि वर चोर ठरवील, ही ती भीती. मग घागर सोनाराकडे जाते आणि मुशींत नाण्यांबरोबर इतिहासही वितळतो.

या प्रांताचा इतिहास तर विशेष मोलाचा. जवळच जुन्नरास मानमोडीच्या डोंगरांत महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा ४६ व्या वर्षाचा लेख आहे. पलीकडे नाणेघाटांत सातवाहनांचे लेख आहेत. या दोन वंशांच्या झगड्यांत गौतमीपुत्र सातकर्णीनें क्षहरातांचें निर्मूलन केलें, असें त्याची माता गौतमी बलश्री हिच्या नाशिक येथील लेखांत म्हटलें आहे. पण ती मातेनें केलेली पुत्राची स्तुति! तिला साक्षीदार मिळाला तो इ. स. १९०६ सालीं. नाशिकजवळ जोगलटेंभी येथें नहपानाच्या सुमारें १३,२५० रौप्यनाण्यांचा सांठा सांपडला. त्यांपैकीं ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्रानें पुन्हां आपला ठसा मारलेला होता. मातेचें बोलणें खरें ठरलें. हा पुरावा एकेका नाण्यांत नव्हता, तो राशींत होता. रास फुटून बाजारांत गेली असती, तर हें प्रमाण कोणास कळलें असतें?

आतां कायदा पाहूं. इ. स. १८७८ चा निखात-निधीचा कायदा आजही चालू आहे. दहा रुपयांहून अधिक किंमतीचें द्रव्य भूमींत सांपडल्यास कलेक्टरास लेखी कळवावें लागतें. न कळविल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही. परंतु द्रव्य बेवारशी ठरून तें सरकारनें घेतलें नाहीं, तर सामान्यतः तीन-चतुर्थांश सांपडणाऱ्याचें आणि एक-चतुर्थांश जमीनमालकाचें, हेंही तोच कायदा सांगतो. शिक्षेचें कलम सर्वांस ठाऊक, हिश्श्याचें कोणास नाहीं! सरकारनें द्रव्य स्वतः घेतल्यास धातूची किंमत आणि वर तिचा पांचवा हिस्सा मिळतो. हा मोबदला आमच्या मतें तोकडा आहे. प्राचीन नाण्याचें मोल तागडींत होत नाहीं.

तथापि या कायद्यांत एक शहाणपण आहे. काय सांपडलें, किती सांपडलें, कोठें आणि केव्हां, एवढेंच तो विचारतो. इतिहाससंशोधकही नेमकें हेंच विचारतो.

हल्लीं धातुशोधक यंत्रें घेऊन गडांच्या पायथ्याशीं हिंडणारे हौशी लोक निघाले आहेत. संरक्षित स्थळीं परवान्यावांचून उत्खनन करण्यास इ. स. १९५८ च्या कायद्याची मनाई आहे. आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा व्यापार इ. स. १९७२ च्या कायद्यानें परवान्यावांचून करतां येत नाहीं. त्यांस अज्ञानाची सबब नाहीं. शेतकऱ्याची गोष्ट निराळी. त्यास कोणी कायदा समजावून दिला आहे? शाळेंतील गुरुजींनीं व चावडीवरील तलाठ्यानें एवढें केलें, तरी घागर मुशीपर्यंत जाणार नाहीं.