भार कोठे ठेवावा?

इतिहास म्हटला म्हणजे राज्ये, लढाया आणि तहनामे ह्यांकडेच आपली दृष्टी वळते. फार तर वाङ्मयाचा किंवा धर्ममतांचा इतिहास आपण मानतो. परंतु खेळण्यांनाही इतिहास असतो, आणि तोही कार्यकारणभावाने बांधलेला असतो, असे कोणी म्हटले तर पुष्कळांस ते थट्टेचे वाटेल. आम्हांसही परवापर्यंत तसेच वाटत होते. एका लहानशा प्रसंगाने आमचे मत पालटले. तो प्रसंग आणि त्यामागील हकीकत वाचकांपुढे ठेवावी एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

आमचा भाचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तो आमच्याकडे आला तो दोन बिनतारी ट्रक घेऊन. ट्रक म्हणजे हातभर लांबीच्या, विजेवर चालणाऱ्या, दुरून हातातील यंत्राने हाकावयाच्या शर्यतीच्या गाड्या. एक नवी होती. दुसरी सुमारे वीस वर्षांपूर्वीची, कोणाकडून तरी स्वस्तात घेतलेली. जुन्या गाडीचे वरचे कवच काढून तो म्हणाला, "मामा, हे पाहा! मोटर मागच्या आसाच्याही मागे टांगली आहे. ह्या लोकांना इतकेही कळत नव्हते का?"

ह्या विषयात आमची गती शून्य होती. म्हणून आम्ही त्या वेळी गप्प बसलो. परंतु मागची पिढी मूर्ख होती असे विधान कोणी केले की इतिहासाच्या शिक्षकाला संशय येतोच. आम्ही चौकशीस लागलो.

बिनतारी वाहनाची कथा पाण्यापासून सुरू होते. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्ला ह्यांनी दुरून चालविता येणारी एक लहान नौका लोकांस दाखविली व त्याच वर्षी तिचे पेटंट मिळविले. तिच्या पोटात विद्युद्घट होते. नौकेत असा भार तळाशी असला म्हणजे तो तिला स्थिरच करतो. जमिनीवरील गाडीची गोष्ट निराळी. तिला वळावयाचे असते, उडावयाचे असते, सैल मातीत चाके रोवावयाची असतात. आणि ह्या तिन्ही कामांस भाराची जागा तीन तऱ्हांची लागते.

मोटर मागे का, ह्या प्रश्नाचे उत्तर मात्र खेळण्यांत नाही. ते मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पातील वाळूत आहे. जर्मनीच्या फोक्सवॅगन मोटारीचे इंजिन मागच्या आसापलीकडे बसविलेले असे. त्याचा भार नेमका चालत्या चाकांवर पडे. त्यामुळे दोनच चाकांना शक्ती असूनही ही गाडी वाळूत सहसा रुतत नसे. कॅलिफोर्नियातील ब्रूस मायर्स ह्यांनी ह्याच यंत्रसामग्रीवर हलके कवच चढवून 'मँक्स' नावाची बगी केली. १९६७ साली तिहुआना ते ला पाझ अशी जी पहिली मोठी शर्यत झाली, ती विक विल्सन व टेड मँगल्स ह्यांनी अशाच बगीतून २७ तास ३८ मिनिटांत जिंकली. वाळवंटाने मागील भारास दिलेले ते प्रशस्तिपत्रच होय.

खेळण्यांनी हा धडा तेथूनच उचलला. जपानातील शिझुओका येथील टामिया कंपनीने १९७६ साली आपली पहिली बिनतारी मोटार विक्रीस आणली. ती पोर्श गाडीची प्रतिकृती असून सपाट जमिनीवर धावणारी होती. १९७९ साली त्याच कंपनीच्या 'रफ रायडर' व 'सँड स्कॉर्चर' ह्या दोन गाड्या आल्या, त्या मात्र खडबडीत जमिनीसाठी होत्या. मूळ गाडीच्या दहाव्या हिश्श्याच्या मापाच्या ह्या प्रतिकृती फोक्सवॅगनच्या वंशातील होत्या, आणि वंशाबरोबर मोटरची मागची जागाही त्यांच्याकडे आली.

अनुकरणाचे हे युग १९८४ साली संपले असे म्हणावयास हरकत नाही. त्या वर्षी अमेरिकेतील असोसिएटेड कंपनीने रॉजर कर्टिस ह्यांच्या कल्पनेतून उतरलेली 'आरसी-१०' ही गाडी काढली. तिचा तळ सोनेरी रंगाच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा होता आणि धक्के सोसण्यास तेल भरलेल्या नळ्या होत्या. ती कोणत्याही खऱ्या मोटारीची नक्कल नव्हती. शर्यत जिंकणे एवढेच तिचे प्रयोजन होते. १९८५ साली कॅलिफोर्नियातील डेल मार येथे खडबडीत मार्गावरील विद्युत् गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. तीत दोन चाकांनी चालणाऱ्या गाड्यांचे विजेतेपद जे हॅल्सी ह्यांनी ह्याच गाडीवर मिळविले. तिचीही मोटर मागच्या आसामागेच होती. नकलेचे बंधन तुटल्यावरही जागा बदलली नाही, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

ट्रक आले ते थोडे मागाहून. मिकी थॉम्पसन ह्या शर्यतपटूने वाळवंटातील शर्यती मोठमोठ्या क्रीडांगणांत मातीचे ढीग घालून भरविल्या, आणि त्यांतील ट्रक प्रेक्षकांच्या विशेष आवडीचे झाले. त्यांच्या प्रतिकृती १९९० च्या आसपास बिनतारी शर्यतींत सर्वत्र दिसू लागल्या. वस्तुतः ते बगीचेच थोरले भाऊ होते: आस रुंद, चाके मोठी, बाकी रचना बहुतेक तीच. मोठ्या चाकांमुळे ते खाचखळग्यांतून सुखाने जात. पण गुरुत्वमध्य वर गेल्यामुळे वळणावर कलंडण्याची भीतीही वाढली.

आता बॅटरीकडे वळू. गाडीतील सर्वांत जड जिन्नस तीच. आरंभीच्या काळात निकेल व कॅडमियम ह्यांचे सहा घट एकत्र जोडीत. प्रत्येकाचा दाब १.२ व्होल्ट, मिळून ७.२. एका घटाचे वजन सुमारे ५० ते ६० ग्रॅम, म्हणजे सहा घटांचे ३०० ग्रॅमांहून अधिक. आणि सगळी बगी तर दीड किलोच्या आसपास. एकपंचमांश भार जेथे एकाच वस्तूत साठलेला आहे, तेथे ती वस्तू कोठे ठेवावयाची हा प्रश्न गौण राहूच शकत नाही. कोणी घटांची रांग गाडीच्या लांबीत ठेवी, कोणी रुंदीत. चारही चाकांनी चालणाऱ्या गाड्यांत मधून पट्टा किंवा दांडा जाई. म्हणून तीन घट डावीकडे व तीन उजवीकडे, घोड्याच्या खोगिरावर दोन्ही बाजूंस पडशी टाकावी तसे, ठेवण्याची चाल पडली.

शिवाय वीज मोजकीच होती. चार-पाच मिनिटांची शर्यत, पण तीही पुरी होईल की नाही ही धास्ती. मोठे दातेरी चाक लावावे तर वेग वाढे, पण शेवटच्या फेरीत गाडी वाटेतच दम टाकी. म्हणून एकेक घट निराळा तपासून, सारख्या गुणांचे सहा निवडून त्यांची मोट बांधण्याची एक विद्याच निर्माण झाली. पुढे कॅडमियमसारखे विषारी द्रव्य जाऊन निकेल-धातुहायड्राइडचे घट आले. साठा वाढला, परंतु वजनही वाढले. सहा घटांचा भार ४०० ग्रॅमांच्या घरात गेला.

भार सरकविल्याने होते काय, हे समजण्यास मोठे गणित नको. बैलगाडीत पोती मागे फार झाली म्हणजे गाडी उलाळ होते व जू वर उचलते. पुढे फार झाली म्हणजे बैलांच्या माना दबतात. आमचा गाडीवान एखादे पोते हातभर सरकवून हा प्रश्न सोडवीत आला आहे. येथेही तोच न्याय. ३०० ग्रॅमांची बॅटरी २ सेंटिमीटर मागे सरकविली आणि दोन आसांतील अंतर २८ सेंटिमीटर असले, तर पुढच्या चाकांवरील सुमारे २१ ग्रॅम भार उठून मागच्या चाकांवर जातो. ही स्थिर गाडीची गोष्ट झाली. गाडी वेग घेऊ लागली की आणखी भार मागे जातो. गुरुत्वमध्य जितका उंच आणि आसांतील अंतर जितके कमी, तितका तो अधिक जातो. ह्याखेरीज भार मध्याजवळ गोळा केला तर गाडी चटकन वळते, आणि दोन टोकांस विभागला तर वळावयास व वळलेली सावरावयासही वेळ घेते.

सैल, भुसभुशीत मातीत चाके फिरतात पण पकड घेत नाहीत. तेथे मागचा भार हेच भांडवल. ज्यांनी मोटर मागे टांगली ते मूर्ख नव्हते. त्यांच्या पायाखालची माती तशी होती.

मग बदलले काय? दोन गोष्टी बदलल्या. पहिली बॅटरी. २००८ च्या सुमारास लिथियम-पॉलिमरच्या बॅटऱ्या कठीण कवचात बंद होऊन शर्यतींत रूढ होऊ लागल्या. दोनच घट, दाब ७.४ व्होल्ट, वीज भरपूर आणि वजन कमी. आखूड आकाराची बॅटरी तर २०० ग्रॅमांच्या जवळपास. टोचली गेल्यास किंवा प्रमाणाबाहेर भारली गेल्यास ती पेट घेते, हा तिचा दोष. पण शर्यतीपुरती वीज पुरेल की नाही ही जुनी चिंता तिने मिटविली. दुसरी गोष्ट म्हणजे जमीन. सैल मातीच्या जागी घट्ट चिकणमाती, कृत्रिम गवत आणि गालिचा अंथरलेले मार्ग पुष्कळ ठिकाणी आले. ह्यांवर मागच्या चाकांना पकड आपोआप मिळते. उलट मागे भार फार असला तर पुढची चाके हलकी होऊन गाडी वळणाबाहेर जाते. तेव्हा मोटर आसाच्या पुढे, गाडीच्या पोटात आणण्याची कल्पना जोर धरू लागली. २०११ साली टीम डुरँगो कंपनीच्या एका बगीत मोटर मागे किंवा मध्ये, हवी तशी बसविता येत असे. असोसिएटेड कंपनीने २०१४ च्या सुमारास एकाच नावाच्या दोन बग्या काढल्या, एक मागच्या मोटरची व दुसरी मधल्या मोटरची. ग्राहकाने आपली जमीन पाहावी आणि निवडावी! सिद्धान्त एक नाही, हे कारखानदारानेच कबूल केले.

ह्या हकीकतीतील सर्वांत चमत्कारिक भाग पुढेच आहे. वीस-पंचवीस वर्षे ज्या वजनाविरुद्ध सर्वांनी झगडा केला, ते हलक्या बॅटरीने एकदम नाहीसे केले. आणि नाहीसे होताच लोकांना त्याची उणीव भासू लागली. गाडी नियमांतील किमान वजनाच्या खाली जाऊ लागली, उड्या मारताना बिथरू लागली. तेव्हा शर्यतपटूंनी पितळेचे व शिशाचे तुकडे पैसे देऊन विकत घेतले आणि गाडीच्या तळाशी बसविले! फरक एवढाच की, पूर्वी भार जेथे बॅटरी मावेल तेथे पडे. आता तो जेथे हवा तेथे ठेवता येतो. ओझे गेले नाही. ओझ्यावरील सत्ता मात्र हाती आली. प्रगती ह्या शब्दाचा खरा अर्थ बहुधा एवढाच असावा.

त्या सुट्टीच्या अखेरीस आम्ही मामा-भाचे जुनी गाडी घेऊन घराजवळच्या पटांगणात गेलो. आधी स्वयंपाकघरातील दोन तराजूंवर तिची पुढची व मागची चाके ठेवून बॅटरी सरकवून पाहिली. काट्यांनी कागदावरील हिशेब खरा ठरविला. मग बॅटरी पुढे घेऊन गाडी सैल मातीत सोडली. चाके जागच्या जागी फिरली, धूळ उडाली, गाडी आडवी झाली. बॅटरी मागे घेतल्यावर तीच गाडी त्याच मातीतून सरळ निघून गेली. शेजारच्या सिमेंटच्या फरशीवर मात्र तिची वळताना फजिती झाली, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

भाचा थोडा वेळ काही बोलला नाही. मग त्याने गाडी उचलली, चाकांना चिकटलेली माती बोटाने काढून पाहिली आणि म्हणाला, "मामा, आधी ही पाहावयास हवी होती."

इतिहासाच्या वर्गात गेली तीस वर्षे आम्ही दुसरे काय सांगत आलो आहो?