एका रिकाम्या फोल्डरची बखर

मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०२५ रोजी विंडोज ११चा नेहमीचा मासिक अपडेट प्रसृत केला. त्यानंतर लवकरच अनेकांच्या लक्षात आले की 'सी' ड्राइव्हच्या तोंडाशीच, 'विंडोज', 'प्रोग्राम फाइल्स' आणि 'यूजर्स' या जुन्या रहिवाशांच्या पंक्तीत, 'इनेटपब' नावाचा एक नवा फोल्डर येऊन बसला आहे. उघडून पाहावे तर आत काहीच नाही, शून्य बाइट. मालकी पाहावी तर ती घरधन्याची नव्हे, 'सिस्टम' नामक अदृश्य खातेदाराची. अपडेटसोबतच्या टिपणात त्याचा उल्लेखही नव्हता. काहींनी विषाणूनाशक आज्ञावली चालवून पाहिली, काहींनी जाणत्यांना विचारले, आणि अनेकांनी तो सरळ पुसून टाकला. पुसल्याने वरकरणी काही बिघडले नाही, संगणक पूर्ववत चालत राहिला. मग दोनतीन दिवसांनी कंपनीने आपल्या सुरक्षाविषयक निवेदनात भर घातली की हा फोल्डर कोणीही पुसू नये, तो संरक्षण वाढवणाऱ्या बदलांचा भाग आहे, आणि वापरणाऱ्यांनी काहीही करण्याची गरज नाही.

एका रिकाम्या फोल्डरवरून माजलेला हा गदारोळ पाहून तज्ज्ञ मंडळींपैकी काहींना हसू आले. आम्हांला ते हसू अस्थानी वाटते. ज्यांनी तो फोल्डर पुसला त्यांचे वागणे अडाणीपणाचे नव्हते. चव्वेचाळीस वर्षांच्या अनुभवाने त्यांना जे शिकवले होते त्याला धरूनच ते वागले. हा अनुभव कसा साठत गेला ते पाहण्यासारखे आहे.

प्रथम नावाविषयी. 'इनेटपब' हे नाव घरगुती संगणकातले नव्हेच. १९९०च्या दशकाच्या मध्यास मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटीसाठी 'इंटरनेट इन्फर्मेशन सर्व्हर', म्हणजेच आयआयएस, ही संकेतस्थळे चालवणारी आज्ञावली आणली. जी पाने जगाला दाखवायची ती ठेवण्याची तिची ठरलेली जागा म्हणजे इनेटपब. ज्याने जन्मात कधी संकेतस्थळ चालवले नाही त्याच्या घरी ही जागा असण्याचे वरकरणी काही कारण नाही. आणि ज्यांना २००१ हे वर्ष आठवते त्यांच्या लेखी तर हे नाव अशुभच. त्या वर्षी १९ जुलैला 'कोड रेड' या कृमीने आयआयएसमधील एका त्रुटीचा फायदा घेऊन १४ तासांच्या आत साडेतीन लाखांहून अधिक संगणक ग्रासले. ऑगस्टात आलेल्या 'कोड रेड २'ने याच इनेटपबच्या पोटातील 'स्क्रिप्ट्स' या उपफोल्डरात 'रूट.ईएक्सई' नावाची संचिका सोडली. ती वस्तुतः विंडोजच्या आज्ञाखिडकीचीच प्रत होती. तिच्यामार्फत बाहेरचा कोणीही त्या संगणकाला हुकूम सोडू शकत असे. अशा नावाचा फोल्डर एके सकाळी आगंतुकासारखा उगवला तर जाणकारानेही दचकावे, यात नवल ते काय?

आता थोडे मागे जाऊ. संगणकातील काही वस्तू मालकाच्या नजरेआड ठेवण्याची चाल घरगुती संगणकाइतकीच जुनी आहे. ऑगस्ट १९८१मध्ये आयबीएमचा पीसी बाजारात आला तेव्हा त्याच्या डॉस प्रणालीत फोल्डर ही कल्पनाच नव्हती. तबकडीवरच्या सगळ्या संचिका एकाच यादीत मांडलेल्या असत. तरीही दोन संचिका त्या यादीत दिसत नसत: 'आयबीएमबायो.कॉम' आणि 'आयबीएमडॉस.कॉम'. त्यांच्यावाचून यंत्र सुरूच होत नसे, आणि तबकडीच्या यादीत त्यांचे स्थान अगदी आरंभीचे असावे लागे. म्हणून कोणाचा हात चुकून त्यांच्यावर पडू नये, एवढाच हेतू. हा हेतू आम्ही प्रामाणिक मानतो. वडीलधाऱ्यांनी औषधाची बाटली वरच्या फळीवर ठेवावी, तसा तो प्रकार होता. मार्च १९८३मध्ये पीसी एक्सटी हा संगणक १० मेगाबाइटची स्थिर तबकडी घेऊन आला, आणि त्याच्याबरोबरच्या डॉस २.०ने युनिक्सच्या वळणाने कप्प्यांत कप्पे करण्याची सोय दिली. वस्तू लपवायला आता जागाही भरपूर झाली.

युनिक्सची कथा याहून गमतीची आहे. तेथे नावाच्या आरंभी टिंब असलेली संचिका यादीत दिसत नाही. हे कोणा चतुर आरेखकाने योजले असावे असे वाटते; प्रत्यक्षात तो अपघात होता. प्रत्येक कप्प्यात 'स्वतः' आणि 'पालक' यांच्या खुणा म्हणून एक टिंब व दोन टिंबे अशा दोन नोंदी असत. त्या यादीत दिसू नयेत म्हणून 'एलएस' या आज्ञेत फक्त पहिले अक्षर टिंब आहे का, एवढेच तपासले गेले. आळसापोटी केलेल्या या तपासणीमुळे टिंबाने सुरू होणारे प्रत्येकच नाव अदृश्य झाले, आणि पुढे हजारो आज्ञावल्यांनी आपला पसारा त्या आडोशाला नेऊन टाकला. रॉब पाइक यांनी २०१२ साली हा किस्सा लिहिला तेव्हा त्यांचा सूर पश्चात्तापाचाच होता. त्याच युनिक्समध्ये 'लॉस्ट+फाउंड' नावाचाही एक फोल्डर आढळतो. तबकडीची तपासणी करताना ज्यांचे नाव-गाव हरवले अशा संचिका तेथे आणून ठेवतात. तो बहुधा रिकामाच असतो आणि सामान्य वापरणाऱ्याला उघडताही येत नाही. पण नाव वाचताच प्रयोजन कळते. एसटी स्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीसारखे त्याचे आहे: काम पडो न पडो, पाटी तरी लावलेली आहे.

विंडोजने पाटी लावण्याची ही सवय फारशी जोपासली नाही. २००१च्या विंडोज एक्सपीमध्ये 'सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' नावाचा फोल्डर असे. प्रणाली बिघडल्यास मागच्या तारखेला परतता यावे म्हणून जुन्या प्रती तेथे साठवल्या जात. मात्र तो उघडू जाता खुद्द प्रशासक खात्यालाही 'प्रवेश नाकारला' असे उत्तर मिळे. यातून एक विलक्षण पेच उद्भवला. विषाणूग्रस्त संचिकेची प्रतही निष्ठापूर्वक तेथे जपली जाई, आणि विषाणूनाशकांचा हात तेथवर पोचत नसे. तेव्हा विषाणूनाशकांचे निर्मातेच 'आधी ती पूर्वस्थितीची सोय बंद करा' असा सल्ला देत. ज्या कोठाराला मालकापासून कुलूप लावले होते, त्याच कोठारात चोर निर्धास्त निजला होता.

आमच्याकडच्या वाचकांना मात्र फोल्डरची धास्ती बसली ती वेगळ्या वाटेने. गेल्या दशकाच्या आधीच्या दशकात, सायबर कॅफे आणि पेन ड्राइव्ह यांच्या त्या भरभराटीच्या काळात, 'न्यू फोल्डर.ईएक्सई' हा प्रकार ज्याने पाहिला नाही असा विद्यार्थी विरळा. छपाईसाठी पेन ड्राइव्ह कॅफेत लावावा आणि घरी येऊन पाहावे तर एक जास्तीचा फोल्डर. त्याचे चित्र फोल्डरचे, पिवळेधमक. वस्तू मात्र आज्ञावली. त्यावर दोनदा टिचकी मारली की कृमी संगणकात शिरलाच. काही कृमी तर खरा फोल्डर लपवून त्याच्याच नावाने तेथे बसत. हे सोंग वठण्याचे कारण होते विंडोज ९५पासूनची एक चाल: संचिकेच्या नावाचे शेवटचे तीन अक्षरांचे शेपूट न दाखवण्याची. पडद्यावरचा पसारा कमी व्हावा हा तिचा हेतू. परंतु ते शेपूट हीच संचिकेची जात ओळखण्याची खूण होती. मे २०००मध्ये 'आय लव्ह यू' या कृमीने हीच युक्ती वापरली होती. त्याची संचिका साध्या मजकुराची दिसे, कारण तिचे खरे शेपूट झाकलेले असे. पुढे २०११च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने पेन ड्राइव्ह लावताच आपोआप आज्ञावली चालू होण्याची सोय जुन्या विंडोजमधूनही काढून घेतली, आणि ही साथ ओसरली. मग विंडोज ८पासून प्रणाली स्वतःच प्रत्येक पेन ड्राइव्हवर 'सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' निर्माण करू लागली! फोल्डररूपी विषाणूंनी पोळलेल्या पिढीने हा नवा लपलेला फोल्डर पाहून काय समजावे, अशी कंपनीची अपेक्षा होती कोण जाणे.

या सगळ्यात आम्हांला सर्वांत बोधक वाटते ते प्रकरण २००१ आणि २००२चे, कारण त्यात विषाणू नव्हताच. मे २००१मध्ये ई-पत्रांतून एक इशारा फिरू लागला: 'तुमच्या संगणकात एसयूएलएफएनबीके.ईएक्सई नावाची संचिका आहे का पाहा. असल्यास तो विषाणू आहे, ताबडतोब पुसा, आणि सर्व परिचितांना कळवा.' लोक पाहत, तर काय, संचिका खरोखरच असे! ती असणारच होती. लांब नावांची जपणूक करणारे ते विंडोज ९८मधले एक निरुपद्रवी साधन होते. पुढच्या वर्षी हाच खेळ 'जेडीबीजीएमजीआर.ईएक्सई' या संचिकेवर झाला. ती जावाविषयक एक किरकोळ साधन. पण तिचे चित्र एका करड्या टेडी अस्वलाचे होते, आणि प्रणालीच्या फोल्डरात अस्वल कशाला, हा प्रश्न कोणालाही पडावा असाच होता. असंख्य लोकांनी विषाणू समजून आपल्याच संगणकाचा एक अवयव आपल्या हाताने कापला. त्यांना हसणे सोपे आहे. परंतु त्यांच्याजवळ खरेखोटे ताडण्याचे साधन कोणते होते? नाव दुर्बोध, चित्र चमत्कारिक, निर्मात्याने कोठे काही सांगितलेले नाही. आणि त्याच काळात 'मॅजिस्टर' नावाचा एक खरा विषाणू पहिल्या संचिकेच्या नावाने पत्रांतून पसरतही होता. म्हणजे थापेलाही सत्याची किनार होती.

यानंतर २००५चे सोनी बीएमजी प्रकरण झाले, आणि संशयाला पुरावाच मिळाला. मार्क रसिनोविच यांनी ३१ ऑक्टोबर २००५ रोजी प्रसिद्ध केले की विकत घेतलेली एक संगीताची सीडी लावल्यावर त्यांच्या संगणकात एक आज्ञावली लपून बसली. ज्या नावाच्या आरंभी 'डॉलर-एसवायएस-डॉलर' असेल, ती प्रत्येक संचिका ती अदृश्य करी, मग ती कोणाचीही असो. ती हाताने काढू जाता सीडी ड्राइव्हच नाहीसा होई. हेतू गाण्यांच्या नकला रोखण्याचा. काही दिवसांतच इतर भामट्यांनी आपल्या संचिकांना तोच उपसर्ग लावून त्या आयत्या बुरख्याचा लाभ घेतला. कंपनीचा एक वरिष्ठ अधिकारी नभोवाणीवर अशा अर्थाचे बोलला की हा प्रकार काय असतो हे बहुतेकांना ठाऊकच नाही, मग त्यांनी पर्वा का करावी? नोव्हेंबरात कंपनीला त्या सीडी परत मागवाव्या लागल्या. त्या वाक्याचा विसर मात्र पडू नये.

२०१५चे उदाहरण धावते घेऊ. विंडोज १० फुकट देण्याच्या उत्साहात मायक्रोसॉफ्टने ज्यांनी ती मागितली नव्हती त्यांच्याही संगणकांत '$विंडोज.~बीटी' या लपवलेल्या फोल्डरात साडेतीन ते सहा गिगाबाइटचा ऐवज आणून ठेवला. जेथे महाजालाचा महिन्याचा कोटा मोजून-मापून मिळे, अशा घरांत ही भेट महागात पडली.

आता पुन्हा त्या रिकाम्या फोल्डरकडे. तो कशासाठी होता? विंडोजच्या एका उच्चाधिकारी सेवेत त्रुटी होती (तिचा क्रमांक सीव्हीई-२०२५-२१२०४). एखाद्या ठरावीक जागी फोल्डर आहे असे समजून ती सेवा काम करी. पण तेथे फोल्डरऐवजी दुसरीकडे नेणारा दुवा कोणी ठेवला, तर सेवा डोळे मिटून त्या दुव्यामागे जाई आणि नको तेथे आपले अधिकार वापरी. 'सी' ड्राइव्हच्या मुळाशी नवा फोल्डर निर्माण करणे साध्या खात्यालाही शक्य असते. म्हणून प्रणालीने ती जागा आधीच, आपल्या मालकीने, अडवून ठेवली. एसटीत खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात ना, तेच हे. रुमालात काही नसते. तो उचलला तर जागा जाते, एवढेच. हे तीन ओळींत सांगता येण्याजोगे होते, आणि ते अपडेटबरोबरच सांगितले असते तर रुमाल उचलण्याच्या भानगडीत फार थोडे पडले असते. निदान, २००१ची थाप आणि २०२५ची खरी सूचना शेजारी ठेवून वाचली, तर एक 'पुसा' म्हणते आणि दुसरी 'पुसू नका', एवढाच भेद सामान्य माणसाला दिसतो, ही स्थिती आली नसती. दोन्हींत हुकूम आहे. कारण पहिलीत खोटे आहे, दुसरीत मोघम.

रुमालाचा उपायही पुरता निर्दोष नव्हता. सुरक्षा-अभ्यासक केव्हिन बोमाँट यांनी त्याच महिन्यात दाखवून दिले की साधा वापरणाराही एका ओळीच्या आज्ञेने इनेटपब या नावाचा दुवा 'नोटपॅड'कडे वळवू शकतो, आणि मग त्या संगणकात पुढचे सुरक्षा-अपडेटच बसेनासे होतात. कंपनीने ही अडचण 'मध्यम' दर्जाची ठरवली. जूनमध्ये तिने एक छोटी पॉवरशेल आज्ञासंहिता प्रसिद्ध केली. प्रशासकाच्या अधिकाराने ती चालवली की हरवलेला फोल्डर योग्य त्या परवानग्यांसह पुन्हा उभा राहतो. ज्यांना ती झेपत नाही त्यांच्यासाठी दुसरी वाट कंट्रोल पॅनेलातून जाते. तेथे आयआयएस, म्हणजे तोच संकेतस्थळे चालवणारा सर्व्हर, आपल्या घरगुती संगणकावर चालू करावयाचा, आणि लगेच बंद करावयाचा. सर्व्हर जातो, इनेटपब मागे राहतो.