ट्रेलर ब्रेक नियंत्रक

मोटारीमागे जोडलेल्या ट्रेलरच्या विद्युत ब्रेकना किती प्रवाह मिळावा हे ठरवणारे, चालकाच्या हाताशी बसवलेले उपकरण. अमेरिका, कॅनडा व ऑस्ट्रेलियात विशेष प्रचलित. युरोपातील हलक्या ट्रेलरांचे ब्रेक जोडदांड्यावरील रेट्यानेच लागत असल्याने तेथे त्याची सहसा गरज पडत नाही.

ब्रेक-ड्रममधील विद्युतचुंबक १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर ड्रमकडे ओढला जातो व तरफेद्वारे ब्रेक-शू दाबतो. कालाधारित नियंत्रक ब्रेकदिवा लागताच प्रवाह ठरावीक गतीने वाढवतो. प्रमाणबद्ध नियंत्रक गाडीचा वेग किती झपाट्याने घटतो ते मोजून तेवढाच जोर देतो. एकाच गाडीला कधी रिकामा, कधी भरलेला, कधी घोड्यांचा ट्रेलर जोडायचा असेल, तर प्रमाणबद्ध प्रकारच घ्यावा.

ब्रेक असलेल्या दर आसाला दोन ब्रेक, या हिशेबाने सर्वांत मोठ्या ट्रेलरला पुरेल अशी क्षमता निवडावी. विद्युत-द्रवचालित ब्रेकांना सर्वच नियंत्रक जुळत नाहीत. ट्रेलर किंवा भार बदलला, की ‘गेन’ (ब्रेकांना मिळणाऱ्या जोराची पातळी) नव्याने लावणे अत्यावश्यक असते : तो जास्त राहिल्यास रिकाम्या ट्रेलरची चाके जखडतात, कमी राहिल्यास ट्रेलर गाडीला पुढे ढकलतो. ट्रेलर हेलकावू लागल्यास नियंत्रकावरील हातकळीने फक्त त्याचेच ब्रेक लावता येतात. ही कळ सहज सापडेल अशा जागी असावी.